लपवलेला खोकला आणि दुपारचा फेरा

त्या वर्षी माघात मी पान खायला लागलो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. वर्गातल्या पोरांच्या खिशात सुपारी सापडली तर कान पिळणारा मी, शाळा सुटल्यावर टपरीवर उभा राहून कात जास्त घालून घ्यायचो. लोक हसले. टपरीवाला म्हणाला, "गुरुजी, आता तुमी मानसात आले."

खरं कारण असं की रुमालावर रक्त यायला लागलं होतं. पान खाणाऱ्याच्या लाल थुंकीकडे कोणी बघत नाही.

हे आज लिहितो आहे, कारण मी बरा झालो आहे. आणि मी जे केलं ते आजही आमच्या भागात घरोघर चालू असेल असं मला वाटतं. वाचणाऱ्यांपैकी एकानं जरी रुमाल लपवायचा सोडला तरी पुरे.

खडूची धूळ

देऊळघाटपासून थोड्या अंतरावरच्या गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. खोकला दिवाळीपासून होता. मी त्याला खडूची धूळ म्हणत होतो. मास्तराला खोकला असायचाच, असं मी बायकोला, कौसल्येला, सांगत असे आणि तिलाही ते पटत असे.

माघात रक्त दिसलं तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो नाही. विसरलो किंवा वेळ मिळाला नाही असं नव्हतं. ठरवून गेलो नाही. आमच्या एकुलत्या मुलीची, सुमनची, सोयरीक रोहिणखेडच्या घरी जुळत आली होती. क्षयाच्या घरची मुलगी कोण करणार? डॉक्टरनं नाव घेतलं नाही तोवर आपल्याला रोग नाही, अशी मी मनाची समजूत घातली. बोलणी झाली, साखरपुडा झाला, वैशाखात लग्न लागलं. सगळीकडे मी तोंडात पान धरून हिंडलो.

फोटो

ज्येष्ठात शाळेच्या ओट्यावर चक्कर येऊन पडलो. कौसल्येनं मला मोटारीत घालून बुलढाण्याला नेलं. छातीचा फोटो निघाला. डॉक्टर तरुण होते. फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे, गुरुजी?"

"पंधरा दिवस," मी म्हणालो.

त्यांनी फोटो खाली ठेवला. "पंधरा दिवसांत एवढं होत नाही. मला खरं सांगितलंत तर मला औषध ठरवता येईल."

मी माघ सांगितला. कौसल्या शेजारी उभी होती. तिला महिने मोजायला वेळ लागला नाही. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "सुमनच्या लग्नात माईत व्हतं तुमाले?"

"हाव."

"पक्कं माईत व्हतं?"

"हाव."

ती उठून नळावर गेली. तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि माझा बिछाना कुठे मिळणार याची चौकशी करायला आत गेली. त्या दिवशी ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दवाखान्यातले दिवस

साडेतीन महिने राहिलो. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग ती कडू पूड, जी मी नाक दाबून गिळायचो. दुपारी दोन तास पडून राहायची सक्ती. सोमवारी वजन. काट्यावर चढताना आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प असायचो, आणि कोणाचं वजन वाढलं की सगळी खोली त्याला शाब्बास म्हणायची. माझा कप दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून सिस्टरनं त्याला लाल दोरा बांधला होता. पहिल्या दिवशी तो दोरा पाहून मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्याभरानं तोच कप हातात आला नाही तर मी हाक मारून मागायला लागलो.

भीती दुपारी यायची. सगळे झोपलेले असताना छताकडे बघत मला एकच दिसायचं: सुमन सासरच्या चुलीपुढे बसली आहे आणि खोकते आहे. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून घ्यायला सांगितले होते. कौसल्येचा निघाला, चांगला निघाला. "आणखी कोण घरात राहत होतं?" या प्रश्नाला मी म्हणालो होतो, "मुलगी होती. ती लग्न होऊन गेली." गेली म्हणजे सुटली, असा अर्थ मीच लावून घेतला. रोहिणखेडला तर आम्ही कळवलं होतं की गुरुजी बुलढाण्याला ट्रेनिंगला गेले आहेत. मास्तर ट्रेनिंगला जातातच. कोणाला शंका आली नाही.

वर्गाबद्दल लिहिलं नाही तर हे लिखाण खोटं होईल. पुढे, सगळं उघड झाल्यावर, माझी पोरं तपासली गेली. एकाला औषध लागलं. तो आता धडधाकट आहे, पण त्याचा बाप मला रस्त्यात भेटला की मान वळवतो. त्यात त्याची चूक नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर करीमभाई होते. पिंजारी. गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचे. कापसाची तूस छातीत बसली असं ते म्हणत. त्या माणसानं मला पाखरं शिकवली. खिडकीबाहेर कडुलिंब होता. मी डोळे फाडून फांद्यांत बघायचो आणि काही दिसायचं नाही.

"गुरुजी, तुमी पोरं मोजल्यासारखी पाखरं मोजून राह्यले," ते म्हणायचे. "अब आँख बंद करा. पहले कान लावा. कोन बोलून राह्यलं?"

"कावळा."

"कावळा तं मलेबी समजते हो! त्याच्या मागं कोन हाय?"

त्याच्या मागे तांबट असायचा, एकसारखा टुक टुक करणारा. सातभाईंची भांडणं असायची. पावशा असायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी हे सगळे आवाज ऐकत होतो आणि एकही ऐकला नव्हता. आवाज कुठून येतो ते आधी ठरवायचं, मग मान न हलवता नजर तिकडे न्यायची, मग वाट बघायची. वाट बघायला आमच्याकडे वेळच वेळ होता. करीमभाई माझ्या आधी घरी गेले. पिंजण्याचं काम डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं. जाताना म्हणाले, "धोबन येईन आता थंडीची, शेपटी हालवत. माह्यातर्फे सलाम सांगजा." पुन्हा भेट झाली नाही. जिथे असतील तिथे त्यांना श्वास पुरो.

दुपारचा फेरा

भाद्रपदाच्या मध्यावर मला घरी सोडलं. गोळ्या वर्षभर, सुई आठवड्यातून दोनदा, आणि रोज दुपारी उन्हं जरा कलली की चालायचं, आधी थोडं, मग वाढवत.

मी वाट ठरवून घेतली. घरामागून निघून मराठी शाळेच्या कुंपणाला लागून नाल्यापर्यंत, नाल्याच्या काठानं गावतळ्याच्या पाळीवर, आणि ज्वारीच्या बांधावरून परत. निरोग्या माणसाला अर्धा तास पुरेल. मला दीड तास लागायचा, कारण शंभर पावलांवर दम भरायचा.

इथे आणखी एक कबुली द्यायची आहे. पक्षी बघायला मी थांबायचो ते सुरुवातीला पक्ष्यांसाठी नाही. दम लागला हे शेतातल्या बायांना कळू नये म्हणून. मान वर करून बाभळीत बघत उभं राहिलं की कोणी विचारत नाही. पान जसं खाल्लं तसंच हे. करीमभाईंनी दिलेली एवढी चांगली गोष्ट मी आधी लपायलाच वापरली.

पण झाड समोर असलं आणि आपण बराच वेळ बघत राहिलो की काहीतरी दिसतंच. खाटीक पक्षी काटेरी फांदीवर बसून नाकतोडा टोचताना दिसला. ज्वारीवर भोरड्यांचा थवा आला, गुलाबी-काळा, सगळा एकदम वळायचा आणि राखण करणारी बाई गोफण फिरवून त्यांना दहा पिढ्यांच्या शिव्या द्यायची. एके दिवशी पाळीवरच्या ओल्या मातीत एक करडा-पांढरा पक्षी शेपटी खालीवर करत धावत होता. धोबी, करीमभाईंची धोबन. कोणत्या मुलखातून आला कोण जाणे. मी तिथेच उकिडवा बसलो आणि करीमभाईंचा सलाम मोठ्यानं सांगितला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला दम लागलेला नाही आणि तरी मी थांबलो आहे.

जुन्या हजेरीपुस्तकाचे कोरे कागद शिवून वही केली. तारीख, ठिकाण, पक्षी. नाल्याजवळच्या तारेवर रोज एक नीलकंठ बसायचा. बसला की मातकट, अंग चोरलेला. उडाला की पंखांत निळ्या रंगाचा एवढा उजेड की बघणाऱ्याच्या तोंडून आवाज निघावा. तेरा दिवस सलग मी त्याची नोंद केली.

सुमन

नवरात्रात सप्तमीला सुमन माहेरी आली. मला पाहून हसली. "बाबा, ट्रेनिंगात लय बारीक केलं तुमाले!" मग चुलीमागच्या फळीवर लाल दोऱ्याचा कप दिसला, औषधं दिसली, आणि ती हसायची थांबली.

तिच्या आईनं तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी दिवेलागणीला कौसल्येनं तिच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. "कवापासून अंग तापते तुह्यं?"

"कामानं तापते, माय."

"खोकला?"

"धूर हाय तिकडच्या घरात."

माझी खडूची धूळ आणि तिचा धूर. मुलगी माझीच होती.

मी म्हणालो, उद्या-परवा गुपचूप बुलढाण्याला नेऊन फोटो काढू. कौसल्येनं माझ्याकडे पाहिलं. "अन् निंगालं काही तं? वरीसभर सुया कुठी लपवसान? त्यायच्या घरात सहा महिन्याचं लेकरू हाय. तुमी सांगा इवायाले. नाही सांगतलं तं मी सांगतो."

सुमननं आईचे पाय धरले. "मामंजींले नोका सांगू वं. मले कायमची पाठवून देतीन इकडं."

दसऱ्याला तिचे सासरे तिला न्यायला येणार होते. तुळशीरामजी. मोठा शेतकरी, मोकळा हसणारा माणूस. लग्नाआधी मला पान आवडतं असं पाहून चांदीच्या पेटीतून विडे घेऊन यायचे.

दसरा

आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष बरं जातं असं मानतात. जेवणं झाली की पुरुषमंडळी शिवारात त्याला शोधायला निघतात. तुळशीरामजी जेवून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला गुरुजी. सुमन सांगत व्हती, तुमाले आता साऱ्या पाखराइची नावं येतात. दाखवा आमाले नीलकंठ. मंग सोनं लुटू अन् चारच्या मोटारीनं निंगू."

कौसल्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

नीलकंठ कुठे बसतो ते मला तंतोतंत माहीत होतं. घरापासून दोनशे पावलं. पण तो दिसला की आम्ही मागे फिरणार, आपट्याची पानं देणार, आलिंगन देणार आणि सुमन मोटारीत बसणार. म्हणून मी नाला सोडून त्यांना उलट्या वाटेनं, तळ्याकडून नेलं. त्यांना खंड्या दाखवला. टिटवी दाखवली. वेडे राघू दाखवले. ते कौतुकानं बघत राहिले, मग घड्याळ बघायला लागले.

"गुरुजी, शाया तपासाले आलेल्या सायबाले हिंडवते तसं हिंडवून राह्यले तुमी मले. नीलकंठ नाही काय तुमच्या गावात?"

"हाय."

"मंग काऊन नाही दाखवत?"

पाळीवर मी बसलो. या वेळी दम खरंच भरला होता आणि मी वर झाडाकडे पाहिलं नाही. म्हणालो, "तुळशीरामजी, मी ट्रेनिंगला गेलो नव्हतो. मले क्षय झाला. दवाखान्यात व्हतो. अन् लग्नाच्या आधीपासून मले समजत व्हतं."

ते उभेच होते. म्हणाले, "किती आधी?"

"सोयरीक जुळायच्या आधी."

"म्हंजे तुमी पोरगी देली ते रोग लपवून देली."

"हाव."

"हाव म्हनता! मास्तर हो तुमी. काही तं बोला."

"केलं ते मीच केलं."

ते पाळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघवेना म्हणून मी मातीत धावणाऱ्या धोब्याकडे बघत राहिलो. तो किती वेळा शेपटी हलवतो ते मोजलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"मंग आज काऊन सांगतलं? चारच्या मोटारीनं निंगालोच व्हतो आम्ही. तुमी सुटलेच व्हते."

"सुमन खोकलून राह्यली, तुळशीरामजी. सांजचा ताप येते तिले."

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लग्नात साऱ्या मांडवाला हसवणारा तो माणूस कितीतरी वेळ टोपीची किनार चाचपत बसला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "फोटो कुठी काढतेत?"

परत येताना आम्ही नाल्याच्या वाटेनं आलो. तारेवरून नीलकंठ उडाला आणि आमच्या डोक्यावरून गेला. तुळशीरामजींचे हात सवयीनं जोडले गेले. मग स्वतःवरच चिडून ते म्हणाले, "हात कायले जोडून राह्यलो मी!" आणि पुढे चालू लागले. त्या दिवशी आम्ही एकमेकांना सोनं दिलं नाही.

सुमन दारात पिशवी घेऊन तयार होती. सासऱ्यांचं तोंड पाहून तिनं पिशवी खाली ठेवली. ते तिला म्हणाले, "आज नाही जायचं. उद्या माह्यासंगं बुलढान्याले चाल." आणि माझ्याकडे न बघता, "गुरुजी, तुमी नोका येऊ."

ते शेजारच्या गावी ओळखीच्यांकडे मुक्कामाला गेले आणि रात्रीच पोराला निरोप धाडला. सकाळी येऊन तिला घेऊन गेले.

दुसरा दिवस

घरात बसवेना. मी माझ्या वेळेला फेऱ्याला गेलो. वहीत त्या दिवसाची तारीख आहे, ठिकाण आहे, आणि पुढे काही नाही.

ते परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. डाव्या बाजूला डाग होता. लहान. डॉक्टर म्हणाले होते की अगदी सुरुवातीला आली, औषधानं पूर्ण बरी होईल. आणखी चार-सहा महिने गेले असते तर सांगता आलं नसतं. तुळशीरामजींनी हे सगळं उंबऱ्याबाहेर उभं राहून कौसल्येला सांगितलं. मला नाही.

कौसल्येनं विचारलं, "इथंच ठिवता ना तिले?" आम्ही तिची खाट लावून ठेवली होती.

"काऊन इथं? तिचं घर तथी हाय," ते म्हणाले. "तिचा नवराबी आला व्हता दवाखान्यात, त्यानं न्यायलेच सांगतलं मले. माडीवरची खोली खाली करतो."

त्यांनी आठवड्याभरात आपल्या घरचे सगळे, तान्ह्या लेकरासकट, तपासून आणले. कोणाला काही निघालं नाही. ही बातमी पोस्टकार्डावर आली. "सर्व चांगले आहेत" एवढंच. मी ते कार्ड फेऱ्याला जाताना खिशात घेऊन जायचो.

जे सांगायचं होतं ते

माझ्यासारखा कोणी हे वाचत असेल तर: रोग औषधानं जातो. मी बघितलं आहे. पूड कडू असते, गिळा. सुई दुखते, टोचून घ्या. लाल दोऱ्याची लाज महिन्याभरात सरते. दुपारी चाला, आणि दम लागला तर खाली बसा. लोकांना कळू द्या. आणि घरच्यांना पहिल्या दिवशीच सांगा. मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सुमनचं लग्न कदाचित त्या घरात झालं नसतं. मग तुळशीरामजींसारखी माणसं तिला मिळाली नसती, असं मन कधी कधी मला सुचवतं. मी त्याला गप्प करतो. माझ्या चुकीतून चांगलं निघालं ते इतरांच्या चांगुलपणानं. त्यात माझं काही नाही.

डॉक्टर, सिस्टर, करीमभाई, माझा वर्ग सांभाळणारे सहकारी, यांचा मी ऋणी आहे. कौसल्येला आभार मानलेले चालत नाहीत.

यंदाचा कार्तिक

तुळशीरामजी सुमनला आणायला-न्यायला येत, पण वर्षभर त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. मी विचारायचो, ते "घाई हाय" म्हणायचे.

यंदा कार्तिकात मी दुपारी फेऱ्याला निघत होतो आणि ते दारात उभे. एकटेच. हातात मोठं खाकी पाकीट. टपालानं पाठवता आलं असतं. त्यांनी आतून सुमनच्या छातीचा फोटो काढला आणि अंगणातल्या उन्हाकडे धरला.

"पाहा गुरुजी. वाचता येते ना तुमाले?"

मी बघितलं. बरगड्या, मधे काळं स्वच्छ आकाश. डावीकडे बोट फिरवलं. काही नव्हतं. ते माझ्या दंडाला धरून म्हणाले, "चाला आत. चहा मांडा म्हना," आणि चपला काढून माझ्या आधी घरात शिरले.

कौसल्या हात पुसत बाहेर आली. तिनं फोटो माझ्या हातातून घेतला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून उन्हात धरला. तिला त्यातलं काही समजत नाही. पुष्कळ वेळ झाला, चहाचं आधण ठेवलेलं नव्हतं, तुळशीरामजी आत बसले होते. मी म्हणालो, "अवं, काय पाहून राह्यली? काही नाही आता त्यात."

"तेच पाहून राह्यली," ती म्हणाली. "काही नाही ते."